अटकेच्या नोंदीआधीचे तास

ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकच्या दक्षता पोलिसांनी ठाण्यात बोलावून घेतलं आणि लेखी प्रश्नांची भलीमोठी यादी त्यांच्यापुढे ठेवली. मामला उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेचा होता. उत्तरं दिली तर आपल्याच तोंडून आपल्याविरुद्ध पुरावा उभा राहील, म्हणून त्यांनी नकार दिला. मग उत्तर न देणं हाच गुन्हा धरून त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १७९ खाली कारवाई सुरू झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल १९७८ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी जो निकाल लिहिला, तो या विषयावरचा आपल्याकडचा आजवरचा सर्वांत उदार निकाल म्हणावा लागेल. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती होऊ नये हा अनुच्छेद २०(३) मधला हक्क आरोपी न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर सुरू होत नाही; पोलिसांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली की तो लागू होतो, असं त्यात म्हटलं आहे. वकील सोबत हवा असं संशयिताने सांगितलं तर नाही म्हणू नये. रीतसर अटक झालेली नसली, तरी जिथे माणसावर कोठडीसारखंच दडपण आहे तिथे अनुच्छेद २२(१) चं संरक्षण पोचलं पाहिजे. पोलिसांनी वकील शोधून आणावा असं बंधन मात्र घातलं नाही, आणि वकिलाची वाट पाहत तपास अडवून ठेवावा असंही म्हटलं नाही. वाजवी वेळ थांबलं की पुरे. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावणंच मुळात कायद्याला धरून नव्हतं, हेही न्यायालयाने सुनावलं.

सत्पथींना आपला हक्क ठाऊक होता आणि तो मांडणारे वकील त्यांच्या हाताशी होते. दुचाकी चोरीच्या संशयावरून रात्री उचलून आणलेल्या मुलाजवळ यातलं काहीच नसतं. या विषयावर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा एकाच मुद्द्याभोवती: पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू द्यावा की नाही? मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. हक्क कोणत्या क्षणी सुरू होतो आणि वकिलाचे पैसे कोण भरतो, हे दोन प्रश्न आधी सुटायला हवेत. ते सुटले नाहीत तर कायद्यात काहीही लिहिलं तरी त्या मुलापर्यंत ते पोचत नाही.

कायद्यात काय लिहिलं आहे ते पाहू. राज्यघटनेचा अनुच्छेद २२(१) सांगतो की अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. २२(२) प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हा अनुच्छेद मूळ मसुद्यात नव्हता. जीवित व स्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून अमेरिकी पद्धतीचं संरक्षण गळलं आणि ‘कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती’ एवढंच उरलं, तेव्हा संविधान सभेत बरीच अस्वस्थता होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी नवा अनुच्छेद मांडला तो ही उणीव भरून काढण्यासाठी. फौजदारी प्रक्रिया संहितेत या तरतुदी होत्याच. पण त्या राज्यघटनेत आल्या की कोणत्याही विधिमंडळाला त्या सहजासहजी काढता येणार नाहीत, ही त्यांची भूमिका होती. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच अनुच्छेदाने हे संरक्षण नाकारलं. म्हणून आपल्या राज्यात १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली ज्याला आत टाकतात, त्याला वकिलाचा हा घटनात्मक हक्क नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चौकशीदरम्यान वकील, असं स्पष्टपणे सर्वसाधारण फौजदारी कायद्यात यायला मात्र पुढची सहा दशकं गेली. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा सूचना दिल्या. अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी या आता ठाण्याच्या रोजच्या कामाचा भाग झालेल्या गोष्टी तिथल्याच. दहावी सूचना अशी की अटक केलेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं, मात्र संपूर्ण चौकशीभर नव्हे. हीच शब्दरचना २००८ च्या दुरुस्तीने कलम ४१ड म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये जशीच्या तशी उतरली. त्याआधी ती एका कायद्यात होती, २००२ च्या ‘पोटा’मध्ये. दहशतवादाच्या आरोपीला मिळालेला हक्क पाकीटमाराला मिळायला आणखी काही वर्षं लागली. पोटातली ती तरतूद नुसती शोभेची राहिली नाही, हेही सांगायला हवं. संसद हल्ला खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींचे पोलिसांपुढचे कबुलीजबाब बाजूला ठेवले, त्याचं एक कारण वकिलाविषयीच्या याच नियमांचं उल्लंघन हे होतं.

कलम ३८ ला खरी धार हवी होती ती दोन ठिकाणी, आणि तिथेच ते बोथट आहे. पहिलं, हा हक्क ‘अटक करून चौकशी’ होत असलेल्या माणसाला आहे. दुसरं, भेट म्हणजे किती वेळ, दिवसातून किती वेळा, पोलिसांच्या कानाआड की त्यांच्या देखत, यातलं काहीच कलमात नाही. ते ठरतं पहिल्या रिमांडच्या वेळी, तेही वकिलाने अर्ज दिला तर. मग ‘रोज अर्धा तास भेटू द्यावे’ अशा धर्तीचा आदेश होतो. अर्ज न दिल्यास तपासी अंमलदाराच्या मर्जीवर.

ठाण्यात प्रत्यक्ष काय होतं ते जवळून पाहिलं की पहिला मुद्दा किती मोठा आहे ते कळतं. घरचे रात्री वकिलाला फोन करतात: पोलीस घेऊन गेले. वकील ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार सांगतो, अटक नाही, चौकशीला आणलंय. साहेब राउंडला गेलेत. मुलगा असतो डीबीच्या खोलीत, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या. स्टेशन डायरीत त्याचं नाव नसतं. अटकेची नोंद होते दुसऱ्या दिवशी दुपारी, चोवीस तासांचं घड्याळ तेव्हापासून लागतं, आणि तिसऱ्या दिवशी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. कोर्टाच्या व्हरांड्यात घाईघाईत वकीलपत्रावर सही घेतली जाते. शेजारी हवालदार. रिमांड रिपोर्टात ठरलेली वाक्यं असतात: गुन्ह्यातील मुद्देमाल हस्तगत करणे आहे, साथीदारांचा शोध घेणे आहे, आरोपी तपासात सहकार्य करीत नाही. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळते. वकील आणि अशील यांची मोकळेपणाने एकदाही भेट झालेली नसते आणि चौकशीतला निर्णायक भाग उरकलेला असतो.

अटक म्हणजे पोलिसांनी कागदावर घातलेली वेळ नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, १९८० साली, कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की ‘ताब्यात घेतलं पण अटक केली नाही’, ‘फक्त चौकशीसाठी ठेवलं’ असल्या शब्दच्छलाला न्यायालय भुलणार नाही. त्या खटल्यातले आरोपी स्वतः पोलीस होते. मुंबई उच्च न्यायालयानेही कस्टम्सच्या एका प्रकरणात माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणापासून अटक धरली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात चोवीस तासांची मोजणी कागदावरच्या अटकेपासून नव्हे, तर माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घेतलं तेव्हापासून केली. तत्त्व पक्कं आहे. पण ते लागू होतं महिन्यांनी, कधी वर्षांनी, वरच्या न्यायालयात. खालच्या न्यायालयात पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही की स्टेशन डायरीतली वेळ आणि घरच्यांनी सांगितलेली वेळ यांत अठरा तासांचं अंतर का आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं, आणि ते वजनदार आहे. भारतात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येतच नाही; मग अमेरिकेसारखी वकिलाची हमी कशाला? १८७२ च्या पुरावा कायद्याची कलमं २५ आणि २६ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहेत, आणि ती खरोखर मौल्यवान आहेत. कंपनी सरकारच्या काळातल्या पोलिसी छळाची लक्तरं १८५५ च्या मद्रास चौकशी आयोगाने वेशीवर टांगली, त्या पार्श्वभूमीवर ती आली. २०१२ साली कसाबच्या अपिलात हा मुद्दा निघाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ही हमी देणाऱ्या अमेरिकेच्या मिरांडा निकालाचा मार्ग आपल्याला लागू करण्यास नकार दिला, त्यामागे हाच विचार होता की आपल्या कायद्यात वेगळी आणि भक्कम तटबंदी आधीपासून आहे.

पण तटबंदीला दार आहे. पूर्वीचं कलम २७, आता कलम २३ चंच परंतुक. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीतला तेवढा भाग पुराव्यात येतो. फौजदारी न्यायालयात बसणाऱ्या कुणालाही ते निवेदन पंचनामे ठाऊक आहेत: दोन पंच, आरोपीचं निवेदन, ‘लपवून ठेवलेला कोयता काढून देतो’, मग सरकारी जीप, मग शेताचा बांध किंवा घरातली कोठी. परिस्थितीजन्य पुराव्यावर चालणाऱ्या खुनाच्या कितीतरी खटल्यांत शिक्षा टिकते ती या एका पंचनाम्यावर. हे निवेदन तयार होतं ते पीसीआरच्या पहिल्या काही दिवसांत, बंद खोलीत. म्हणजे पोलिसांपुढच्या बोलण्याला किंमत नाही असं म्हणायचं, आणि ज्या बोलण्याला सर्वांत जास्त किंमत आहे ते नेमकं वकिलाच्या गैरहजेरीत घ्यायचं. माझ्या मते कसाब निकालातल्या या युक्तिवादाची ही कच्ची बाजू आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ ने पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे हा धोका आता पहिल्या पंधरवड्यात संपतही नाही.

शिवाय महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का आहे. १९९९ च्या या कायद्याचं कलम १८ पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरतं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला बऱ्याच अंशी अशा कबुलीजबाबांवर उभा होता. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना शिक्षा दिल्या, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे सगळे कबुलीजबाब फेटाळले, ते छळ करून घेतले असल्याचा आरोपींचा दावा मान्य केला आणि सर्वांची सुटका केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. अंतिम निकाल काय लागेल तो लागो. एकोणीस वर्षांनीही त्या गाड्यांत गेलेल्या माणसांच्या घरच्यांना दोषी कोण हे ठामपणे सांगता येत नाही, आणि त्याचं मूळ चौकशीच्या खोलीत काय झालं याविषयीच्या संशयात आहे. वकिलाची हजेरी आरोपीसाठी असते असं आपण समजतो. ती फिर्यादीसाठीही असते.

पोलीस नसलेल्या तपास यंत्रणांची गोष्ट आणखी निराळी. कस्टम्स, महसूल गुप्तवार्ता संचालनालय (डीआरआय), ईडी यांनी समन्स पाठवलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या आरोपी नसतो. १९९२ च्या पूलपांडी निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथे वकिलाच्या उपस्थितीचा हक्क नाकारला आणि सत्पथी निकाल तिथवर ताणायला नकार दिला. २०२२ मध्ये विजय मदनलाल चौधरी निकालाने ईडीपुढचे जबाब ग्राह्य ठरवले. म्हणजे जिथे जबाब थेट पुरावा होतो, तिथेच वकील बाहेर. मधला मार्ग म्हणून २०११ मध्ये डीआरआयच्या एका प्रकरणात न्यायालयाने परवानगी दिली ती अशी: वकिलाला दिसेल, पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, हवं तर काचेपलीकडे बसवावं. निदान हात उगारला जाणार नाही एवढी हमी यात आहे. कोणता प्रश्न कसा विचारला जातो आहे याची नाही. या चौकशा किती वेळ चालाव्यात यावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये कान टोचले. ६४ वर्षांच्या एका माणसाचा जबाब ईडीने मध्यरात्र उलटेपर्यंत घेतला होता. झोप ही मूलभूत मानवी गरज आहे आणि ती हिरावून जबाब घेऊ नये, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर ईडीला वेळेबाबत परिपत्रक काढावं लागलं.

इंग्लंडचा अनुभव इथे मुद्दाम सांगायला हवा, कारण आपली फौजदारी व्यवस्था त्याच मुळातून आली आहे. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट याचा खून झाला. तीन मुलांनी पोलिसांकडे कबुली दिली. त्यांतला मोठा अठरा वर्षांचा, पण बुद्धीने लहान मुलाइतका. चौकशीच्या वेळी जवळ ना पालक, ना वकील. शिक्षा झाली, आणि १९७५ मध्ये ती रद्द झाली. फिशर अहवाल, मग रॉयल कमिशन, आणि मग १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा. त्याच्या कलम ५८ ने ठाण्यात ठेवलेल्या प्रत्येकाला वकिलाचा खासगी सल्ला घेण्याचा हक्क दिला, तोही मोफत, आणि पाळीवर असलेल्या वकिलांची व्यवस्था उभी राहिली. मुलाखत ध्वनिमुद्रित होऊ लागली. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने हा सल्ला छत्तीस तासांपर्यंत लांबवता येतो. तपास कोलमडला नाही. पुढे २००८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तुर्कस्तानच्या सालदूझ खटल्यात पहिल्या चौकशीपासून वकील हा नियम घालून दिला आणि फ्रान्ससारख्या देशाला २०११ मध्ये आपली जुनी पद्धत बदलावी लागली. जपानने ती बदलली नाही. तिथे आरोपपत्राआधी तेवीस दिवस कोठडी आणि चौकशीत वकिलाला प्रवेश नाही. इवाओ हाकामादा या मुष्टियोद्ध्याने १९६६ मध्ये अशाच चौकशीत कबुली दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी, तो निर्दोष ठरला.

आपल्या पोलिसांची हरकत मी झटकून टाकणार नाही. एका तपासी अंमलदाराकडे डझनांनी गुन्हे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने, वरून दडपण, आणि गावातून ‘पकडला का नाही’ चा घोष. मूल पळवलं गेलं असेल तर वकिलाची वाट पाहत बसायचं का? त्या एका परिस्थितीसाठी इंग्लंडसारखी लेखी, सकारण आणि मुदतीची सूट कायद्यात ठेवता येईल. पण अपवादासाठी असलेली निकड रोजच्या घरफोडीला लावता येत नाही. २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या संशयावरून धरलेल्या तरुणाचा कोठडीत जीव गेला आणि पोलिसांनीच मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला. त्या रात्री त्या ठाण्यात एखादा वकील नुसता बाकावर बसून असता, तरी तो तरुण वाचण्याची शक्यता होती असं मला मनापासून वाटतं.

तो वकील कुठून येणार? इथे कसाब निकालाची दुसरी बाजू येते. स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क अटकेपासून. पण सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर, असं न्यायालयाने ठरवलं. दंडाधिकाऱ्याने तो हक्क समजावून सांगितलाच पाहिजे, न सांगितल्यास खातेनिहाय कारवाई होऊ शकते, हेही बजावलं. पण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पहिल्या तासापासून आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला चोवीस तासांनंतर, अशी ही विभागणी झाली. मार सहसा दुसऱ्यालाच आणि त्याच चोवीस तासांत पडतो.

महाराष्ट्राला यावर उत्तर आधीच दिलेलं होतं. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. एका वकिलाने परदेशी स्त्री-कैद्यांना फीच्या नावाखाली लुबाडल्याची तक्रारही त्यातून पुढे आली. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्या. भगवती यांनी महाराष्ट्र सरकारला जे आदेश दिले, त्यांतला एक आजच्या विषयाला थेट भिडतो: अटक करून माणसाला लॉकअपमध्ये नेलं की पोलिसांनी लगेच जवळच्या कायदेविषयक साहाय्य समितीला कळवावं आणि समितीने सरकारी खर्चाने वकील द्यावा. दंडाधिकाऱ्यापुढे नेल्यावर नव्हे, अटक होताच. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत आणि त्याला वाचून दाखवावेत, हाही त्यातलाच आदेश.

साधनं आता तेव्हापेक्षा जास्त आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतला प्रत्येकजण, उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाला पात्र आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटकेआधीच्या, अटकेच्या आणि रिमांडच्या टप्प्यासाठी आराखडा केला. त्यात ठाण्यात बोलावलेल्या संशयितालाही मदत धरलेली आहे. १५१०० हा मदत क्रमांक आहे. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि अठरा महिने चित्रण जपून ठेवणं बंधनकारक केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीच्या एका अपघात प्रकरणातून, सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणं कोणत्याही गुन्ह्यात लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत, रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यावीत असं ठरवलं. व्हरांड्यात वकीलपत्रावर सही घेणाऱ्या वकिलाला या दोन तासांचं मोल कळेल.

आता हवं आहे ते एवढंच की जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांची पाळी ठाणेवार लागावी, तिचा तक्ता ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ असावा, आणि कुणालाही, नोटीस देऊन वा न देता, चौकशीला आत घेतलं की त्या वकिलाला केलेल्या फोनची वेळ स्टेशन डायरीत पडावी. रात्रीच्या पाळीला वेगळं मानधन लागेल. ते सरकारने द्यावं. वकिलांनीही पहिल्याच तारखेला कलम ३८ खाली भेटीचा अर्ज, ठाण्यातलं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज आणि प्रत्यक्ष ताब्यात घेतल्याची वेळ लेखी नोंदवण्याचा आग्रह धरावा. संसदेने कलम बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. १९८३ चा आदेश याच राज्याला दिलेला आहे आणि तालुक्याच्या न्यायालयातही रिमांडला विरोध करताना त्याचा हवाला उद्या सकाळी देता येतो.